पहिलीची घाई

जून उजाडला की घरीच शिकवणारे आईबाबा विचारतात, ‘बालवाडीची पुस्तकं मार्चमध्येच संपली, आता पहिलीची काढू?’ पुस्तकं संपली, मान्य. पण मूल तयार आहे का? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानलाय. बालवाडी आणि पहिली यांच्यात भिंत नाहीच. जोडाक्षरं दिवाळीनंतर आली तरी बिघडत नाही. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे मात्र हाताने बांधू द्या, हातच्याचं गणित तिथेच उलगडतं. (आमच्या घरी त्यात अख्खा पावसाळा गेला.) या अंकात तीन घरांची वेळापत्रकं दिली आहेत. कृपा करून त्यातलं एकही जसंच्या तसं उतरवू नका.