जुने अंक, शोधयंत्र आणि जाहिरात

यंदाच्या वार्षिकाची जुळवाजुळव चालू असताना संपादक-मंडळापुढे एक सूचना आली. वार्षिकाचे आजवरचे सर्व अंक शाळेच्या संकेतस्थळावर ठेवावेत. वाचकाला त्यांतील हवा तो लेख अथवा हवे ते नाव चटकन सापडावे म्हणून तेथे एक शोधयंत्र बसवावे. आणि असे यंत्र जाहिरातींसह विनामूल्य मिळत असल्याने, त्या जाहिरातींच्या उत्पन्नातून वार्षिकाच्या छपाईचा खर्च भागवावा, असा तिचा आशय होता. सूचना आपल्याच एका माजी विद्यार्थ्याची आहे व तिच्यामागे शाळेविषयीची कळकळ आहे, यात शंका नाही. तिचे पहिले दोन भाग मला सर्वस्वी मान्य आहेत. तिसऱ्यास माझा विरोध आहे, आणि तो का, हे मंडळाच्या बैठकीत घाईघाईने सांगण्यापेक्षा येथे सविस्तर मांडावे असे वाटले.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जाहिरात म्हणजे काही विटाळ आहे, अशी माझी समजूत नाही. आपले वार्षिक ज्यांच्या आधारावर निघते त्यांत वह्या-पुस्तकांचे दुकानदार, गणवेश शिवणारे कारागीर आणि मिठाईवाले यांचा वाटा मोठा आहे. शेवटची आठ पाने त्यांची असतात आणि तेथे त्यांची नावे वाचताना आपल्याला संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. मराठीतील एका नामांकित मासिकाचा तर जन्मच कारखान्याच्या माहितीपत्रकातून झाला. शंकरराव किर्लोस्करांनी 1920 साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले ते कारखान्याची आणि त्याच्या मालाची वार्ता लोकांपर्यंत पोचावी म्हणून. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि नव्या विचारांच्या दोन-तीन पिढ्या त्यावर वाढल्या. पैशावाचून नियतकालिक चालत नाही, हे सत्य कोणी नाकारू नये.

या सत्याचा कटू अनुभव घेणारा एक थोर पुरुष आपल्या मध्यप्रदेशचाच होता. माधवराव सप्रे यांचा जन्म 1871 साली दमोह जिल्ह्यातील पथरिया गावी एका मराठी कुटुंबात झाला. घरची भाषा मराठी असूनही त्यांनी आयुष्य वेचले ते हिंदीसाठी. समर्थांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हे दोन्ही ग्रंथ त्यांनी हिंदीत आणले. जानेवारी 1900 मध्ये त्यांनी पेंड्रा या आडगावाहून ‘छत्तीसगढ मित्र’ नावाचे मासिक काढले. ते जेमतेम तीन वर्षे चालले आणि तोटा सोसवेना म्हणून बंद पडले. त्याच मासिकाच्या 1901 सालच्या अंकात आलेली सप्र्यांची एक छोटी गोष्ट आज हिंदी कथेच्या आरंभाची चर्चा निघाली की हमखास पुढे येते! मासिक बुडाले, परंतु त्याची पाने कोणीतरी जपली, म्हणून ती गोष्ट उरली.

ती जपणूक कशी होते हे पाहावयाचे असेल तर आपल्याला दूर जावयास नको. विजयदत्त श्रीधर यांनी 1984 साली येथे भोपाळमध्ये सप्र्यांच्याच नावाने समाचारपत्र संग्रहालय उभारले आहे. जुन्या वर्तमानपत्रांचे नि मासिकांचे बांधीव खंड तेथे पाहिले म्हणजे मनात दोन भावना एकदम येतात. पहिली आनंदाची: इतके सारे वाचले! दुसरी काहीशी हताशपणाची: यांतून आपल्याला हवे ते शोधावयाचे तरी कसे?

खरा प्रश्न हा दुसरा आहे. संग्रह कितीही मोठा असला, तरी सूचीवाचून तो कुलूप घातलेल्या कोठारासारखा. मराठीत हे ज्यांनी ओळखले त्यांत शंकर गणेश दाते यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांची सूची, आणि पुढे 1938 ते 1950 या काळाचा दुसरा भाग, एवढे काम त्यांनी करून ठेवले. एकेक ग्रंथ, त्याचा कर्ता, त्याचा विषय, त्याचे साल, अशी टिपणे वर्षानुवर्षे जमवीत बसणे हे किती निरलस वृत्तीचे काम असेल! त्या सूचीत कोठेही जाहिरात नव्हती, हे मुद्दाम सांगण्याची वेळ आज यावी, ही गंमतच म्हणावयाची.

आता आपल्या शोधयंत्राकडे वळू. यंत्र बसवले की सर्व काही सापडेल, असा एक भोळा विश्वास आढळतो. मागील वर्षी एका माजी विद्यार्थ्याची नात शाळेत आली होती. आजोबांनी शाळकरी वयात नर्मदेवर लिहिलेला निबंध तिला हवा होता. त्या दशकातील दोन-तीन अंक आम्ही संगणकावर उतरवून घेतले होते. ‘नर्मदा’ हा शब्द घालून पाहिला, काही सापडेना. शेवटी कागदी अंक घेऊन बसलो तेव्हा तिसऱ्या दिवशी निबंध मिळाला. त्याचे शीर्षक होते ‘नर्मदेच्या कांठीं’. यंत्राने जे केले ते त्याच्या परीने बरोबरच होते. ‘नर्मदा’ आणि ‘नर्मदेच्या’ ही त्याच्या लेखी दोन निराळी अक्षरमालिका आहेत. विभक्ती लागताना मराठी शब्द आपले अंग बदलतो. पाऊस ‘पावसात’ होतो, घोडा ‘घोड्यावर’ होतो, पाणी ‘पाण्याला’ होते. हे सामान्यरूपाचे व्याकरण ज्याला शिकवलेले नाही ते यंत्र मराठीत अर्धे आंधळे समजावे.

त्यात शुद्धलेखनाची भर पडते. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम मान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वारांना रजा मिळाली. त्याआधीच्या आपल्या अंकांतून ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘कांठीं’ असे लिहिलेले असणार. आजचा विद्यार्थी ‘नाही’, ‘घरात’, ‘काठी’ असे शोधणार. एका टिंबापायी आजोबा आणि नातू यांची चुकामूक व्हावी! संगणकावर जुळणी सुरू झाल्यानंतरचे अंक तरी निर्धोक असतील, असे वाटेल. पण युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी जे टंक वापरले गेले, त्यांत डोळ्यांना देवनागरी दिसत असली तरी आत संकेत भलतेच असतात. पानाचे नुसते छायाचित्र घेतले तर यंत्राला त्यात अक्षरच दिसत नाही. ते आधी वाचवून घ्यावे लागते, आणि जुन्या खिळ्यांची झिजलेली छपाई वाचताना त्याच्या हातून चुका होतात.

माझी मातृभाषा कोंकणी असल्यामुळे या दुखण्याचा परिचय मला थोडा अधिक आहे. आमच्याच नातलगांत कोणी देवनागरीत लिहितो, कोणी कानडी लिपीत, कोणी रोमीत. देवनागरीतले ‘उदक’ रोमीत उच्चाराप्रमाणे ‘उदोक’ होऊन बसते. माणसाला तहान लागली की दोन्ही शब्द कळतात. यंत्राला मात्र ते एक आहेत हे कोणीतरी आधी सांगून ठेवावे लागते. मराठीचे भाग्य एवढे थोर की तिला लिपी एकच पुरते.

आता जाहिरातीचा मुद्दा. गुगल या कंपनीने इतरांच्या संकेतस्थळांवर जाहिराती दाखवून उत्पन्नात वाटा देण्याची व्यवस्था 2003 साली सुरू केली, आणि कोणालाही आपल्या संकेतस्थळापुरते शोधयंत्र बसवता येईल अशी सोय 2006 साली. शोधाच्या उत्तरांसोबत ज्या जाहिराती येतात त्यांच्या उत्पन्नापैकी शेकडा 51 हिस्सा संकेतस्थळाच्या मालकाला मिळतो, हे कंपनीने 2010 साली जाहीर केले. ऐकावयास हे बरे वाटते. पण हिशेब करून पाहावा. समजा, वर्षाकाठी हजार वेळा आपल्या अंकांत कोणी काही शोधले, त्यांतून तीस जणांनी जाहिरातीवर बोट ठेवले, आणि दर वेळी जाहिरातदाराने पाच रुपये मोजले. एकूण दीडशे रुपये. त्यांतले आपले सुमारे शहात्तर. कंपनी रक्कम हाती देते ती शंभर डॉलर साठल्यावर, म्हणजे आठ हजार रुपयांहून अधिक. या वेगाने पहिला हप्ता मिळण्यास शंभर वर्षांवर काळ लागेल. शिवाय मालकाने स्वतः आपल्या जाहिरातींवर बोट ठेवू नये अथवा दुसऱ्यांस तसे करावयास सांगू नये, असा कडक नियम आहे. आमची मुले शाळेवरील प्रेमापोटी मधल्या सुट्टीत काय करतील, हे त्यांना शिकवणाऱ्यास सांगावयास नको. आणि मग खातेच बंद होईल.

तरीही केवळ पैसा थोडा म्हणून माझा विरोध आहे, असे कोणी समजू नये. पैसा पुष्कळ मिळाला असता तरी तो राहिला असता. वार्षिकाच्या शेवटच्या पानावरची जाहिरात आपल्या जागी स्वस्थ असते. ती सर्वांना सारखीच दिसते, आणि कोण वाचतो आहे याची तिला खबर नसते. शोधाच्या खिडकीपाशी उभी असलेली जाहिरात मात्र आपण काय विचारले ते ऐकून मग बोलू लागते. एखाद्या मुलाने ‘दहावीचे गणित’ म्हणून जुना लेख शोधावा आणि उत्तरांच्या डोक्यावर खाजगी शिकवणीची पाटी यावी. लेख आणि पाटी यांतला भेद तेराव्या वर्षी किती जणांना कळतो? ग्रंथपालाला पुस्तक विचारले असता त्याने आधी शेजारच्या दुकानाचे नाव सांगितले, तर आपण ते खपवून घेतले नसते.

आणि हा संशय माझ्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधराचाच आहे असेही नाही. गुगलचे संस्थापक सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज हे 1998 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्यार्थी होते. आपल्या शोधयंत्रासंबंधी त्यांनी जो निबंध त्या वर्षी सादर केला, त्याच्या पुरवणीत त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की जाहिरातींवर पोसलेली शोधयंत्रे स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकतील आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जातील. दोनच वर्षांनी त्यांनी जाहिराती विकण्यास आरंभ केला! माणसाचे विचार बदलतात, त्याबद्दल दोष देत नाही. परंतु पहिला विचार अधिक निर्मळ होता असे मला वाटते. आपल्या देशाने 2023 साली केलेल्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यातही अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाईची तरतूद आहे. शाळेने तरी या मर्यादेच्या काठाकाठाने चालू नये. तिच्यापासून बरेच आत राहावे.

गरजू संस्थेला असे सोवळे परवडत नाही, असे एका सहकाऱ्यांनी मला ऐकवले. भोपाळात मराठी शाळा चालवणे किती जिकिरीचे आहे, हे त्यांच्याइतकेच मीही जाणतो. 1956 साली हे शहर राजधानी झाले तेव्हा नागपूरहून येथे आलेल्या मराठी कर्मचाऱ्यांची नातवंडे आज इंग्रजी शाळांतून शिकत आहेत, आणि आपल्या वर्गांतील बाके दर वर्षी थोडी रिकामी होत आहेत. म्हणूनच जुने अंक उघडे व्हावेत असे मला वाटते. ते वाचून एखाद्या घरातील मूल आपल्या आजोबांच्या शाळेत परत आले, तर तो लाभ कोणत्याही जाहिरातीच्या उत्पन्नाहून मोठा ठरेल. छपाईसाठी पैसा लागेलच. तो मिठाईवाल्यांकडून आणि माजी विद्यार्थ्यांकडून उघडपणे मागू, आणि त्यांची नावे शेवटच्या पानावर छापू. शोधयंत्रही हवेच, पण जाहिरातीवाचूनचे. गुगलच्या यंत्रात शैक्षणिक संस्थांना जाहिराती वगळण्याची सवलत 2006 सालीच ठेवलेली होती. ती घ्यावी, नाहीतर आपल्याच माजी विद्यार्थ्यांनी छोटेसे यंत्र लिहून द्यावे.

मात्र त्याआधी सूची हवी, आणि ती हातानेच करावी लागेल. नववीच्या चौदा विद्यार्थ्यांनी या कामासाठी नावे दिली आहेत. प्रत्येक लेखामागे एक कार्ड: लेखकाचे नाव, इयत्ता, शीर्षक जसे छापले आहे तसे, खाली तेच आजच्या शुद्धलेखनाने, विषयाचा मूळ शब्द, अंकाचे साल आणि पान. ‘नर्मदेच्या कांठीं’ या निबंधाचे कार्ड नमुना म्हणून तयार आहे. त्यावर विषयाच्या रकान्यात ‘नर्मदा’ असे लिहिले आहे. ज्यांच्या घरी वार्षिकाचे जुने अंक असतील त्यांनी ते काही दिवसांसाठी शाळेकडे द्यावेत. काम झाल्यावर ते कव्हर घालून परत केले जातील.