वाळवंटात गाडी शेवटी निवडतात

सेलू तालुक्यात ज्याने भर आषाढात शेतातून बैलगाडी काढली आहे, त्याला वाळवंटाचा निम्मा धडा आधीच ठाऊक असतो. दुधनेकाठची काळी माती पाणी प्याली की चाक सोडत नाही. अशा वेळी जाणता शेतकरी तिसरा बैल शोधायला जात नाही. तो आधी ओझे उतरवतो, मग चाकापुढे पऱ्हाट्या अंथरतो, आणि घाई नसेल तर वाफसा होईपर्यंत गाडी जुंपतच नाही.

त्याच शेतकऱ्याचा मुलगा जैसलमेरच्या मोहिमेचा बेत आखू लागला की सुरुवात मात्र तिसऱ्या बैलापासून होते. फोर बाय फोर कोणती? अश्वशक्ती किती? किती इंच उंच करायची? टपावर दिवे किती? या हौसेला इतिहासाचा आधार म्हणून दुसऱ्या महायुद्धातील ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ची छायाचित्रे फिरवली जातात आणि खाली मजकूर असतो की चारही चाकांच्या ताकदीने सहारा जिंकला. हा दाखला साफ उलटा आहे.

या पथकाचा संस्थापक रॅल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश सैन्यातील अभियंता. १९२०च्या दशकात इजिप्तमध्ये नेमणुकीवर असताना त्याने सुट्ट्यांमध्ये फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारी वाळूत घातल्या, पुढे ‘मॉडेल ए’ घेऊन तो लिबियाच्या वाळूसमुद्रात शिरला. या सगळ्या मोटारींची फक्त मागची चाके ओढत. बॅगनॉल्डने इंजिन वाढवले नाही, गाडी सोलून काढली. अनावश्यक पत्रा उतरवला. रेडिएटरमधून उकळून उडणारी वाफ नळीने एका डब्यातील पाण्यात सोडली, म्हणजे ती तिथे थंड होऊन पाणी परत मिळे. रुतलेल्या चाकाखाली घालायला लोखंडी पन्हळी सोबत घेतल्या. सेलूच्या पऱ्हाट्यांचेच हे लोखंडी रूप! लोखंडी गाडीत चुंबकसूची भरकटते, म्हणून दिशेसाठी सूर्याच्या सावलीवर चालणारे होकायंत्र वापरले.

जुलै १९४० मध्ये पथक उभे राहिले तेव्हा त्याने निवडले ते शेव्हरोलेचे ट्रक, तेही मागच्या चाकांवर चालणारे. कमानींना जादा पाती, दारे आणि टप काढलेले. १९४१ मध्ये त्यांच्या जागी फोर्डचे फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक आले. आजच्या तर्काने पथकाने दिवाळी साजरी करायला हवी होती. प्रत्यक्षात हे ट्रक जड निघाले, पेट्रोल अधिक पिऊ लागले, आणि १९४२ मध्ये पथक पुन्हा दोन चाकांवर चालणाऱ्या शेव्हरोलेकडे वळले. ज्या मोहिमेत पुढचा पंप शत्रूच्या ताब्यात असतो, तिथे गाडी ओढते किती यापेक्षा पिते किती हे महत्त्वाचे. याच पथकाबरोबर काम करणारी ‘इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रन’ भारतीय घोडदळाच्या रेजिमेंटांतील स्वयंसेवकांची होती, हेही त्या छायाचित्रांखाली कुणी लिहीत नाही.

जीपचे काय, हा प्रश्न रास्त आहे. १९४२ पासून पथकाने जीपही वापरल्या, आणि त्या चारही चाकांनी ओढत. आजची थार याच विलीज जीपच्या वंशातली. तिची जुळणी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत सुरू झाली. पण मूळ जीपचे वजन जेमतेम एक टन होते. तिच्या यशात चार चाकांइतकाच या हलकेपणाचा वाटा आहे आणि आजचे हौशी लोक नेमका तोच टपावरच्या लोखंडाखाली गाडून टाकतात.

ताकदीचा भ्रम ज्याला सोडवत नाही त्याने लोंगेवाला आठवावे. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानी रणगाडे तिथे वाळूत रुतले. ताकद भरपूर होती, जमिनीची पाहणी नव्हती. त्याच महिन्यात लेफ्टनंट कर्नल भवानीसिंग यांच्या नेतृत्वाखाली १० पॅरा कमांडोने जीप आणि जोंगा घेऊन सिंधमधील छाछरोवर छापा घातला, तो आधी अनेक महिने वाळूत केलेल्या सरावाच्या बळावर.

आता हिशेब, कारण वाद अखेर वजनावर येतो. एका चाकावर ५०० किलो भार आणि टायरमध्ये ३५ पौंड हवा असेल, तर चाक ढोबळमानाने २०० चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकते. हवा १५ पौंडांवर आणली की तोच भार सुमारे ४७५ चौरस सेंटिमीटरवर पसरतो. फुकटात दुपटीहून अधिक टेकू मिळतो, आणि त्यासाठी लागतो तो हवा मोजायचा मापक. चौघांना पाच दिवस, माणशी रोज पाच लिटर पाणी म्हणजे १०० किलो. सहाशे किलोमीटर वाळूत लिटरला सहाच किलोमीटर मिळतील असे धरले, तर १०० लिटर डिझेल म्हणजे आणखी ८० किलोंहून जास्त. हे ओझे गाडीत खाली आणि मध्यभागी बसायला हवे. टपावर चढवले तर टेकडीच्या उतारावर गाडी आडवी होते. ही बेरीज झाल्यावरच कोणती गाडी हे ओझे पेलेल हा प्रश्न विचारता येतो. त्याआधी विचारलेला प्रश्न दुकानदाराच्या सोयीचा असतो.

शिवाय उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करायला मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ मनाई करते. म्हणजे मोहीम जैसलमेरला पोहोचण्याआधीच रस्त्यात अडू शकते.

सेलूहून निघणाऱ्याने आधी एक रविवार शेताच्या वाटेवर घालवावा: गाडी मुद्दाम रुतवावी, हवा कमी करावी, फावड्याने चाक मोकळे करावे, पाट्या घालून बाहेर काढावी. आणि हवा भरायचा पंप आठवणीने सोबत घ्यावा. १५ पौंड हवेवर डांबरी रस्त्याने वेगात परतणारा टायर तापून फुटतो.