कावळा उडवा!

‘कावळा शिवला’ हा वाक्प्रचार ज्या कोणी आपल्या भाषेत आणला, त्याच्या कल्पकतेला माझा नमस्कार! पण दहा-बारा वर्षांच्या पोरीला तिच्याच देहाची ओळख करून देताना एका बिचाऱ्या पाखराला साक्षीला बोलवावे, याला मी संस्कृती म्हणावयास तयार नाही. ही शुद्ध पळवाट आहे.

‘हे शाळेत कशाला? आई सांगेल की!’ असे सभ्य गृहस्थ म्हणतात. सांगेल, पण काय? तिच्या आईने तिला सांगितले तेच. लोणच्याला हात लावू नकोस, देवघरात जाऊ नकोस. हे ज्ञान नव्हे, ही मनाईची यादी झाली. पाळी का येते, किती दिवसांनी येते, रक्त किती गेले म्हणजे डॉक्टरांकडे जावे, याविषयी ती माउली गप्प. कारण तिलाही कोणी सांगितलेले नसते.

या गप्प बसण्याची किंमत २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या पाहणीत दिसली. ८२,३०९ ऊसतोड बायका. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली! खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, आणि अंगावरून जाते म्हणून दवाखाना गाठावा तर ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असे भेडसावणारेही भेटणार. आपल्या पाथर्डी-जामखेडच्या टोळ्याही त्याच फडांकडे जातात. शाळेतला एक धडा मुकादमाला माणुसकी शिकवील, असे मी म्हणत नाही. पण आपले शरीर ओळखणाऱ्या बाईला भेडसावणे तितके सोपे नसते, एवढे खास.

‘खेड्यातल्या बायांना हे काय कळणार?’ असाही एक आक्षेप असतो. त्याचे उत्तर जामखेडनेच दिलेले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे काम आरंभले आणि गावोगावच्या, पुष्कळशा निरक्षर, बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्या शिकल्या आणि त्यांनी गावाला शिकविले. जे त्यांना जमले, ते पदवीधर मास्तरांना जमू नये? तो धडा आला की ‘घरी वाचा’ म्हणून पान उलटणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

माझे मागणे लहानच आहे. पहिली पाळी येण्यापूर्वी, म्हणजे पाचवी-सहावीतच, हे स्पष्ट मराठीत शिकवा. मुलग्यांनाही शिकवा, चिडवणे अज्ञानातूनच येते. आणि शाळेच्या संडासात पाणी ठेवा.

जिल्ह्याला आपण चौंडीच्या लेकीचे, अहिल्यादेवींचे नाव दिले. छान केले! पण त्याच जिल्ह्यात सणाला ‘अडचण’ नको म्हणून मुलींना डॉक्टरांना न विचारता पाळी लांबविण्याच्या गोळ्या देणार असू, तर ते नाव पाटीवरच राहील. वाचकहो, या लक्ष्मीपूजनाला घरातली पोर बाजूला बसलेली दिसली, तर तिच्याच हातून समई लावा. लक्ष्मी रागावलीच, तर त्याचा दोष माझ्या माथी!