शितावरून भाताची परीक्षा

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण आपण नित्य ऐकतों. एकाच आधणांत शिजलेल्या भाताला ती लागू पडते. परंतु प्रत्येक शीत निराळ्या चुलीवर शिजलें असेल तर? संगणकाची ग्राफिक्स चिप घडविणारांपुढें हाच प्रश्न असतो.

पडद्यावरील ठिपक्यांचा रंग ठरविणाऱ्या छोट्या प्रोग्रामास शेडर म्हणतात. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर सेकंदास ६० चित्रें काढावयाचीं, तर हा हिशेब सेकंदास बारा कोटींहून अधिक वेळां करावा लागतो. एकदां घडलेली चिप पाटीप्रमाणें पुसतां येत नाहीं. १९९४ सालीं इंटेलच्या पेंटियम चिपेंत भागाकाराची चूक उघडकीस आली; तिच्यापायीं कंपनीस ४७ कोटी ५० लक्ष डॉलरची झळ सोसावी लागली. म्हणून चिप घडविण्यापूर्वीं तिच्या प्रतिकृतीवर नमुन्याचे शेडर चालवून गणित कोठें चुकतें, काम कोठें तुंबतें, हें पाहतात.

हे नमुने कसे असावे? आमच्या मतें केवळ नामांकित खेळांतील घोटीव शेडर पुरेसे नाहींत. नवशिक्यांचे ओबडधोबड शेडरही हवेत, कारण बाजारांत गेल्यावर चिपेस दोन्ही चालवावे लागतात. दुसरें, कांहीं नमुने परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेप्रमाणें राखून ठेवावे. प्रसिद्ध चांचणी ओळखून तेवढ्यापुरती सोपी वाट धरणारे ड्रायव्हर २००३ सालीं मोठ्या वादाचा विषय झाले होते. पाठांतर म्हणजे विद्या नव्हे, हें यंत्रासही लागू आहे.

कोणी म्हणेल, यंत्राकडूनच शेडर रचून घ्यावे. संग्रहाची यातायात कशाला? लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत निपजलेल्या ग्राफिक्सफझ ह्या साधनांत शेडरची रचना बदलतात, पण अर्थ तोच ठेवितात. तरीही चित्र बदललें, तर कोठेंतरी दोष आहे असें ठरतें. युक्ति उत्तम खरी. परंतु तिलाही मूळ शेडर कोणी तरी लिहिलेला लागतोच.

मात्र तो कर्त्यास विचारल्यावांचून उचलूं नये. उघड्यावर ठेविलेली वस्तु बेवारशी नसते. संग्रहांत कर्त्याचें नांव व त्यानें घातलेल्या अटी नमुन्यासोबतच राहिल्या पाहिजेत.

विद्यार्थिमित्रहो, तुमचा पहिला वेडावांकडा शेडर लाजून पुसूं नका. मागणाऱ्यास खुशीनें द्या. आणि पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलाच्या चुकलेल्या प्रयत्नास हंसूं नये. निर्दोष धड्यांत न सांपडलेला चिपेचा दोष कदाचित् त्याच चुकीच्या ओळींत सांपडेल.