पाय ओढून लांब होत नाही

सोनारीच्या शिवारात ऊसतोड सुरू झाली की कंबर धरून चालणारी माणसंही वाढतात. दिवसभर वाकून कोयता चालवायचा, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. कंबर कुरकुरली तर नवल काय? उसण भरली की आपल्याकडं पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या, माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. आठवड्याभरात बरं वाटतं. ताजी उसण बहुतेक वेळा तेवढ्यात आपोआपही उतरते, हे पायाळू माणसाचा मान राखूनच सांगतो.

प्रश्न आहे तो तीन महिन्यांपुढं रेंगाळलेल्या दुखण्याचा. अशा माणसाला कोणी उताणं झोपवतो, टाचा जुळवतो आणि म्हणतो, "बघा, डावा पाय बोटभर आखूड आहे." मग ओढाताण, कट्ट असा आवाज, आणि पाय सारखे! यात सगळीच लबाडी नसते. एका बाजूचे स्नायू आखडले की तिकडची कंबर वर खेचली जाते, पाय आखूड भासतो. चोळून ते सैल झाले की फरक मिटतो. पण माणूस जरा तिरका झोपला तरी तेवढाच फरक दिसतो. आवाज सांध्यातल्या वायूच्या बुडबुड्याचा असतो, हाड जागेवर बसल्याचा नव्हे.

बहुतेकांचे पाय अर्धा सेंटीमीटर कमी-जास्त असतातच, आणि त्यानं सहसा काही बिघडत नाही. लहानपणी मोडलेलं हाड, पोलिओ किंवा झिजलेला खुबा यामुळं खरोखर आखूड झालेला पाय मात्र कुठल्याच मालिशनं वाढणार नाही. तो माणसाला उभं करून, पायाखाली पातळ फळ्या ठेवून मोजतात. गरज असेल तर चपलेत टाचेखाली थर देतात, तोही हळूहळू वाढवत.

मग हाताचे उपचार घ्यायचेच नाहीत का? घ्या की. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात मालिशला आणि मणक्यांवरच्या हस्तोपचारांना जागा आहे, पण व्यायामासारख्या इतर उपायांच्या जोडीनं. कंबरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबरेला ओढ देणं) यांची शिफारस तिथं नाही. आपल्याकडं नेमकं उलटं: पट्टा आधी येतो, व्यायाम कधीच नाही. फिजिओथेरपिस्टकडं गेलात तर नोंदणी विचारा. चार-पाच खेपांनंतरही जो घरी करायचा व्यायाम शिकवत नाही, त्याच्याकडं जाणं थांबवा.

आणि हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. लघवी अडली किंवा नकळत झाली, बसायची जागा बधिर झाली, पायातलं बळ गेलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बारीक ताप, घटतं वजन, रात्री झोपू न देणारी कळ असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो. पोखरलेल्या मणक्यावर पाय दिला तर माणूस कायमचा लुळा होऊ शकतो. म्हाताऱ्यांच्या ठिसूळ हाडांनाही हाच धोका. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. अशी पाठ कोणाच्या हाती देण्याआधी डॉक्टरांना दाखवा.