कोपरा विकत मिळतो, फळी नाही

गावोगावी खुल्या कबड्डी स्पर्धांचे फलक लागले की चिखली-मेहकरपासून मोताळा-मलकापूरपर्यंत मंडळांच्या बैठकांत एकच विषय रंगतो : यंदा कोपऱ्यात कोणाला आणायचे? वर्गणीतला मोठा वाटा बाहेरगावच्या एखाद्या नावाजलेल्या पकडपटूवर खर्च होतो. उरलेल्या पैशात गणवेश, गाडीभाडे आणि घरच्या पोरांचा चहा-नाश्ता भागवायचा. कोणी हरकत घेतलीच, तर प्रो कबड्डीचा दाखला तयार असतो.

तो दाखला वरवर पाहता बिनतोड आहे. 2023 च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणचा डावा कोपरारक्षक मोहम्मदरेझा शादलुई याला 2 कोटी 35 लाखांना घेतले आणि 1 मार्च 2024 रोजी पहिल्यांदा विजेतेपद पटकावले. पुढच्या लिलावात हरियाणा स्टीलर्सने त्याच्यासाठी 2 कोटी 7 लाख मोजले आणि त्याच वर्षी 29 डिसेंबरला करंडक हरियाणाकडे गेला. त्याच्याविना खेळलेल्या पलटणला मात्र बाद फेरीसुद्धा गाठता आली नाही. म्हणजे शादलुई जिकडे, विजय तिकडे. मग आपणही आपल्या ऐपतीचा एखादा शादलुई आणला, तर चुकले कुठे?

चुकते ते इथे, की ही मंडळी गोष्ट मधूनच सांगायला घेतात. शादलुई येण्याच्या आदल्या हंगामात, डिसेंबर 2022 मध्ये, पलटण अंतिम फेरीत पोहोचलीच होती. जयपूरने तिला 33-29 असे हरवले. हरियाणाचेही तेच. मार्च 2024 च्या अंतिम सामन्यात पलटणकडून 28-25 असा निसटता पराभव झालेला संघ हरियाणाचाच होता. जयदीप दहिया, राहुल सेठपाल अशी त्यांची बचावफळी आधीपासून एकत्र खेळत होती. दोन्ही संघ विजेतेपदाच्या उंबरठ्यावर असताना शादलुई आला आणि त्याने त्यांना आत नेले. उंबरठ्यापर्यंतची वाट मात्र त्यांची त्यांनीच चालून काढलेली होती.

याचा पडताळा 2025 च्या हंगामात मिळाला. गुजरात जायंट्सने शादलुईवर 2 कोटी 23 लाख लावले. खेळाडू तोच, कौशल्य तेच. पण गुजरातला पहिल्या आठ संघांतही जागा मिळाली नाही. त्याच्याविना उतरलेली पलटण मात्र साखळीत अव्वल राहिली आणि अंतिम सामन्यात दिल्लीकडून 28-31 अशी थोडक्यात हरली. मधल्या हंगामात ती घसरली होती हे खरे. पण त्या हंगामात तिचा कर्णधार अस्लम इनामदार दुखापतीमुळे बहुतेक काळ बाहेर होता, हेही सांगायला हवे. त्याआधी 2018 मध्ये फझल अत्राचली या कोपरारक्षकावर यू मुंबाने 1 कोटी लावले. लीगमध्ये एवढी बोली मिळवणारा तो पहिला परदेशी खेळाडू. त्या वर्षी मुंबा बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात गारद झाली.

यात शादलुईचा कमीपणा नाही. दहाव्या हंगामात पकडीचे 99 गुण मिळवणाऱ्याला सामान्य कोण म्हणेल? पण कोपरा ही एकट्याने लढवायची जागा नव्हे. कोपऱ्याने घोटा धरला की मध्यरक्षकाने त्याच क्षणी धडक द्यावी लागते. तो क्षणभर उशिरा आला, की चढाईपटू मध्यरेषेला हात लावतो आणि त्याला धरलेले सगळेच बाद होतात. ही वेळ जुळते ती रोजच्या सरावात. सामन्याच्या सकाळी मोटारसायकलवरून उतरलेला कोपरा आणि त्याची साखळी धरणारा गावातला पोरगा यांना एकमेकांचे इशारेही ठाऊक नसतात. त्यात पाहुण्याला आपल्या बिदागीचे चीज करून दाखवायचे असते. म्हणून तो घाईने पुढे झेपावतो आणि बाहेर जाऊन बसतो.

मग मोठ्या खेळाडूवर खर्च करूच नये का? जरूर करावा, पण शेवटी. आधी बाकावरची पोरे तयार करावीत. सात मैदानात आणि पाच राखीव ही कबड्डीची रचना काही शोभेची नाही. 2022 मध्ये तमिळ थलायवाजने पवन सेहरावतवर 2 कोटी 26 लाखांहून अधिक खर्च केले आणि तो पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून हंगामाला मुकला. तरीही नरेंदरसारख्या नवख्या पोरांच्या बळावर हा संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचला.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तर बाकाची गरज अधिकच आहे. सोयाबीन काढणीला आले की दोन पोरे शेतात अडकतात, पोलीस भरतीची मैदानी चाचणी लागली की आणखी दोन निघून जातात. संघ खरा कळतो तो त्या दिवशी.

आणलेल्या कोपऱ्याला जोखायचेच असेल, तर त्याच्या पकडी मोजून थांबू नये. फसलेल्या पकडीही मोजाव्यात. तो बाहेर असताना उरलेली फळी कशी खेळते ते पाहावे. तिघेच उरले असताना तो अव्वल पकडीसाठी थांबतो की उगाच झेपावतो, हे पाहावे. आणि शेवटची कसोटी म्हणजे त्याच्या संगतीने गावातला एक तरी पोरगा कोपरा धरायला शिकला का?

कारण पाहुण्याने अडवलेली जागा कोणाची तरी असते. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो. म्हणजे आपल्या पोरांसाठी निवडीचा स्वतंत्र दरवाजा आहे. पण गावच्या स्पर्धेतही बाकावरच बसणारा मुलगा निवडकर्त्यांना दिसणार कधी? बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने मे 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषकात माइक श्लोसरसारख्या दिग्गज तिरंदाजाला हरवून सुवर्ण जिंकले, ते याच मातीत वर्षानुवर्षे केलेल्या सरावाच्या जोरावर. कबड्डीला वेगळा नियम लागू होण्याचे कारण नाही.

म्हणून मंडळांनी यंदा हिशेब उलटा मांडावा. वर्गणीतला मोठा वाटा बारमाही सराव, प्रशिक्षक आणि प्रत्येक जागेसाठी दोन पोरे घडवण्यावर खर्च करावा. एवढे करून संघ अंतिम फेरीच्या दारात पोहोचला आणि कोपरा उणा वाटला, तर खुशाल बाहेरचा आणावा. तेव्हा त्याच्यावर गेलेला पैसा सार्थकी लागेल.