अटकेचा कागद आणि दोन तास

वरळीच्या बहुचर्चित मोटार अपघात प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी निकाल दिला. गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो, अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची. अगदीच शक्य नसेल तर आधी तोंडी सांगावीत, पण रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्यापूर्वी किमान दोन तास कागद त्याच्या हातात पडलाच पाहिजे. नाहीतर अटकही बेकायदा आणि रिमांडही. हा तांत्रिकतेचा अतिरेक आहे, असा सूर तेव्हापासून पोलिसांच्या बाजूने लागतो, आणि बाररूममधल्या काहींनाही तो पटतो. मला तो मुळीच मान्य नाही.

आरोपीला आपण काय केले ते ठाऊक असतेच, मग कागद कशाला, हा त्यांचा पहिला प्रश्न. गाडीखाली माणूस आला हे चालकाला कळते, हे खरे. पण पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(१) लावले की १०५, हे त्याला कसे कळणार? पहिले जामीनपात्र, दुसरे अजामीनपात्र. त्याची रात्र घरी जाणार की कोठडीत, हे तिथेच ठरते. शिवाय ज्याने काहीच केलेले नाही, त्याला काय ठाऊक असायचे? या युक्तिवादात अटक झालेला प्रत्येक जण दोषीच धरलेला आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कर्नाटकातील एका अभिनेत्याचा जामीन रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने म्हटले होते की, लेखी कारणे दिली नाहीत एवढ्यावरून अटक आपोआप बेकायदा ठरत नाही. बचावाला बाधा आली हे दिसले पाहिजे. आता ही बाधा दाखवायची कशी? ती होते पहिल्या रिमांडला. वकील तिथेच वकीलपत्रावर सही घेतो, रिमांड अर्जाची प्रत त्याच वेळी हातात येते आणि काही मिनिटांत पोलीस कोठडीचा आदेश होतो. या घाईत काय मांडायचे राहून गेले, हे कागद न मिळालेल्याने नंतर सिद्ध करायचे! संविधानाच्या अनुच्छेद २२(१) मध्ये बाधेची अट कुठेही नाही.

गुन्हेगार सुटतील, ही भीती तर निराधारच आहे. खटला रद्द होत नाही, तपास थांबत नाही. लेखी कारणे देऊन पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात, तशी मुभा निकालातच आहे.

या निकालाचे खरे मोल भाषेच्या अटीत आहे. उत्तर प्रदेशातून भिवंडीच्या यंत्रमागावर आलेला कामगार किंवा गडचिरोलीतला माडिया बोलणारा तरुण मराठी कागदावर अंगठा उठवतो, तेव्हा त्याला काहीच कळवलेले नसते. ज्याला वाचता येत नाही, त्याला त्याच्या बोलीत समजावून सांगितल्याशिवाय तो कागद पोहोचला असे मी मानणार नाही. छापील नमुन्यातली ‘पुरावा नष्ट करू नये म्हणून’ छापाची वाक्येही पुरेशी नाहीत. ती कोणालाही लागू पडतात. या माणसाला का धरले, ते त्यातून समजत नाही. २०२४ च्या प्रबीर पुरकायस्थ निकालाने हा फरक स्पष्ट केला आहे.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेमुळे तर याची निकड वाढली आहे. कलम १८७ प्रमाणे पंधरा दिवसांची पोलीस कोठडी आता सलगच घ्यायला हवी असे नाही. गुन्ह्यानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत ती तुकड्यातुकड्याने मागता येते. कोठडीची टांगती तलवार इतकी लांबली असताना, पहिल्या दिवशी कोणती कारणे दिली होती याची लेखी नोंद हाच बचावाचा आधार राहतो.

माझी तक्रार उलट बाजूने आहे. दोन तास कमी आहेत. सुट्टीच्या कोर्टात, नातेवाईक परगावी असताना, तेवढ्या वेळात वकील मिळणेही कठीण. निदान कागद किती वाजता आणि कोणत्या भाषेत दिला, हे दंडाधिकाऱ्यांनी आरोपीलाच विचारून रिमांडच्या आदेशात लिहावे, आणि वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा वकील येऊन तो कागद वाचेपर्यंत कोठडीची मागणी ऐकू नये.